ओकच्या पिपात मुरलेली वाल्तेल्लिनाची वाईन फिकट आणि आंबट का लागते?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याचं एक निवृत्त जोडपं मुलीकडे मिलानला गेलं होतं. तिथून तिरानोला जाऊन सेंट मॉरिट्झची लाल बर्निना गाडी पकडायची होती. गाडीला अवकाश होता म्हणून स्टेशनजवळच्या दुकानातून दोन बाटल्या घेतल्या. लेबलवर 'वाल्तेल्लिना सुपेरिओरे', त्याखाली 'इन्फेर्नो', 'रिझेर्वा' आणि 2016. डोंगरउतारावरच्या एका कुटुंबाची बाग आहे आणि वाईन ओकच्या पिपात मुरवलेली आहे, असं दुकानदार म्हणाला. घरी परतल्यावर लग्नाच्या वाढदिवशी एक बाटली तांबड्या रश्श्याबरोबर उघडली, तर रंग पाणी घातलेल्या कोकम सरबतासारखा, चव आंबट आणि तोंड कोरडं पाडणारी. नाशिकच्या 'रिझर्व्ह' वाईनमध्ये जो व्हॅनिलासारखा वास ते ओकचा म्हणून ओळखतात, त्याचा इथे पत्ताच नाही. फसलो का, वाईन खराब होती का, आणि दुसऱ्या बाटलीचं काय करायचं, असं त्यांनी विचारलंय.

फसला नाहीत. वर्णनावरून वाईन खराबही वाटत नाही. फिकट रंग, आंबटपणा आणि तुरटपणा या तिन्ही गोष्टी त्या वाईनमध्ये असायलाच हव्यात. ओकचा वास नसणं तर माझ्या मते चांगलंच लक्षण. मी नाशिककडे वायनरीच्या तळघरात काम करतो, आमच्याकडे पिपं आहेत आणि त्यांचा वास मला आवडतोही. पण वाल्तेल्लिनातलं पीप वेगळ्या कामासाठी ठेवलेलं असतं, आणि ते समजलं की बाकीचं कोडं सुटतं.

आधी जागा समजून घ्या, कारण गाडीच्या खिडकीतून तुम्ही ती पाहिलेली आहे. मिलानहून जाताना कोमो सरोवर संपलं की आद्दा नदीचं खोरं लागतं, तेच वाल्तेल्लिना. आल्प्सच्या दक्षिण उतारावरची बरीच खोरी उत्तर-दक्षिण जातात, हे मात्र बराचसा भाग पूर्व-पश्चिम पसरलेलं आहे. त्यामुळे त्याची एक बाजू दिवसभर दक्षिणेकडे तोंड करून उन्हात असते. द्राक्षं त्याच बाजूला. समोरची ओरोबिए पर्वतांची बाजू सावलीतली, तिथे जंगल आणि कुरणं. अक्षांश 46 अंशांच्या आसपास आणि भोवती आल्प्स, म्हणजे द्राक्षाला तसं कठीणच. पण उत्तरेचे थंड वारे मागच्या डोंगररांगा अडवतात, आणि दुपारी कोमोकडून 'ब्रेव्हा' नावाचा वारा खोऱ्यात शिरतो. तो पानं कोरडी ठेवतो. भुरी-डावणी या बुरशीच्या रोगांशी रोज झुंजणाऱ्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला विचारा, त्या वाऱ्याची किंमत तो सांगेल.

तिरानोच्या अलीकडे सोंद्रियो लागतं. त्याच्या वरच्या उतारावर ज्या पायऱ्या दिसतात, त्यातल्या बहुतेक माणसाने हाताने रचलेल्या आहेत. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. कोकणात आपण ज्याला गडगा म्हणतो तीच जात, फक्त इथे ती हद्द दाखवायला नसून माती धरून ठेवायला आहे. या भिंतींची एकूण लांबी अडीच हजार किलोमीटर सांगतात. खडक ग्रॅनाइट आणि शिस्टचा, त्यावरची माती वाळूसारखी, आम्लधर्मी आणि जेमतेम. तीही बऱ्याच ठिकाणी खालून पाठीवर वाहून आणलेली. 2018 साली युनेस्कोने चुन्याविना दगड रचण्याच्या या कलेची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. इटलीसह आठ देशांची ती तेव्हाची एकत्र नोंद होती.

भिंत चुन्याने का बांधत नाहीत, हा प्रश्न मलाही पडला होता. तिथल्या एका म्हाताऱ्या बागायतदाराने पोट सुटलेल्या भिंतीपाशी नेऊन दाखवलं. पावसाचं पाणी मागच्या मातीत साठतं. दगडांच्या फटीतून ते झिरपत बाहेर आलं तर ठीक. नाहीतर मागून दाब वाढत जातो, मधले दगड हळूहळू पुढे सरकतात आणि भिंतीला पोट येतं. मग एखाद्या पावसात ते पोट फुटतं आणि वेलींसकट पायरी खालच्याच्या बागेत जाते. दुरुस्ती करायची तर तेवढा भाग पूर्ण उतरवायचा, मोठे दगड तळाशी, मागे बारीक दगडांचा भराव, आणि भिंतीचा कल डोंगराकडे किंचित झुकलेला. यंत्र तिथे पोचतच नाही. या भिंती दिवसा तापतात आणि रात्री ती ऊब सोडतात, हा त्यांचा दुसरा उपयोग. ऑक्टोबरच्या थंड रात्रीही घडांना ती जाणवते. तुमच्या बाटलीवरचं 'इन्फेर्नो' म्हणजे नरक. सगळ्यात खडा आणि सगळ्यात तापणारा उतार तोच.

असा डोंगर सांभाळायला माणसं लागतात. वर्षाला हेक्टरी हजार ते दीड हजार तासांचं काम तिथे सहज होतं. सपाटीवर यंत्राने केलेल्या बागेत त्याच्या काही अंशात भागतं. काही ठिकाणी एका रुळावरून चालणारी छोटी गाडी बसवली आहे. अगदी अडचणीच्या जागी काही जण तोडणीचे क्रेट हेलिकॉप्टरने खाली उतरवतात, आणि ती चैन नाही, मजुरीच्या हिशोबात बसतं म्हणून. इटालियन लोक या प्रकाराला 'वीर शेती' म्हणतात. अशा बागांसाठी आओस्तामध्ये 1987 पासून 'चेरव्हिम' नावाची संस्था आहे. 30 टक्क्यांहून जास्त उतार, 500 मीटरहून जास्त उंची, पायऱ्यांची रचना किंवा छोटी बेटं, असे तिचे निकष आहेत. एकोणिसाव्या शतकात या खोऱ्यात द्राक्षाखाली कित्येक हजार हेक्टर जमीन होती. आता हजारही नाही. मुलं मिलानला किंवा सीमेपलीकडे स्वित्झर्लंडला नोकरीला जातात, आणि वरची पायरी पडली की पडलेलीच राहते. म्हणून 'कुटुंबाची बाग' हे शब्द या खोऱ्यात मला निव्वळ जाहिरात वाटत नाहीत. घरातली माणसं मजुरी न मोजता राबली तरच यातल्या बऱ्याच बागा टिकतात.

आता द्राक्ष. तिथे त्याला 'क्यावेन्नास्का' म्हणतात, बाकी जग त्याला नेब्बियोलो म्हणून ओळखतं. बारोलो ही इटलीतल्या पिएमाँतची नामांकित लाल वाईन याच द्राक्षाची. वाल्तेल्लिना सुपेरिओरेमध्ये ते किमान 90 टक्के असावं लागतं, उरलेल्यात रोस्सोला, पिन्योला अशा स्थानिक जाती चालतात. तुमचा रंगाचा प्रश्न इथेच सुटतो. द्राक्षाचा लाल रंग सालीत असतो आणि तो अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा असतो. त्यांचे प्रकार आहेत. शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्योंमध्ये माल्व्हिडिन जास्त असतं, ते गडद आणि टिकाऊ. नेब्बियोलोत सायनिडिन आणि पिओनिडिनचा वाटा मोठा, आणि ही दोन्ही हवेशी लवकर बिघडतात. त्यामुळे ही वाईन तरुणपणीसुद्धा फिकट माणकाच्या रंगाची असते. काही वर्षांनी पेल्याच्या कडेला विटकरी-नारिंगी छटा येते. 2016 च्या बाटलीला ती आली नसती तर मीच संशय घेतला असता. गंमत म्हणजे रंग इतका हलका असला तरी टॅनिन, म्हणजे तोंड कोरडं पाडणारं तुरट द्रव्य, मात्र भरपूर, आणि आम्लही भरपूर. डोळ्यांना वाटतं हलकी आहे, जिभेला कळतं की नाही. ज्यांना गडद म्हणजे दमदार असं शिकवलेलं असतं, ते इथे हमखास फसतात.

आपल्याकडे उलटं घडतं. नाशिकला एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतो. म्हणजे फळ पिकत जातं तसतसं ऊन वाढत जातं. साखर भराभर चढते, आम्ल उतरतं, आणि कधीकधी टार्टारिक आम्ल घालून तोल सावरावा लागतो. वाल्तेल्लिनात फळ थंडीच्या दिशेने पिकतं. तोडणी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरभर चालते, दिवस लहान होत असतात, रात्री गारठा असतो, म्हणून आम्ल टिकतं. तुमची जीभ नाशिकच्या मऊ, पिकल्या फळाच्या चवीला सरावलेली आहे. तिला हे आंबट लागणारच, आणि ज्या जिभेने वर्षानुवर्षं एक चव घेतली तिचा त्यात दोष नाही.

आता मूळ मुद्दा, ओक.

पिपात वाईन ठेवल्यावर दोन वेगळ्या गोष्टी घडतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली म्हणजे लाकडातून वास आणि चव उतरणं. पीप तयार करताना पट्ट्या वाकवण्यासाठी आणि भाजण्यासाठी आतून आग देतात. त्या भाजण्यातून व्हॅनिलिन मोकळं होतं, लवंगेसारखा वास देणारं युजेनॉल आणि धुराचे वास येतात. लाकडातल्या लॅक्टोनमुळे ओल्या नारळाचा वास येतो. अमेरिकन ओकमध्ये हे लॅक्टोन फ्रेंच ओकपेक्षा जास्त. नवीन, 225 लिटरच्या छोट्या पिपात, ज्याला बारिक म्हणतात, हे सगळं जोरात उतरतं. तीन-चार हंगाम वापरलं की पीप जवळजवळ निर्वास होतं. तुम्ही जो 'ओकचा वास' ओळखता तो हा पहिला प्रकार.

दुसरी गोष्ट मंद आहे, वास न देणारी, आणि माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. लाकूड पूर्ण हवाबंद नसतं. पट्ट्यांच्या सांध्यांतून, बुचातून, लाकडाच्या रंध्रांतून अगदी थोडा ऑक्सिजन वाईनपर्यंत पोचत राहतो. त्याच्यामुळे टॅनिनचे छोटे कण एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात आणि मोठे होतात. मोठं झालेलं टॅनिन जिभेवर कमी खरखरीत लागतं, रंगही थोडा स्थिर होतो. जोडीला गाळ हळूहळू तळाशी बसतो. नेब्बियोलोसारख्या कोवळेपणी तोंड आवळणाऱ्या द्राक्षाला हे मुरणं लागतंच. स्टीलच्या टाकीत ते होत नाही. नव्या बारिकमध्ये होतं, पण लाकडाचा वास फळावर चढून बसतो, आणि नेब्बियोलोच्या सुकलेल्या गुलाबाच्या, चेरीच्या, डांबराच्या नाजूक वासाला तो झेपत नाही.

म्हणून या खोऱ्यात आणि बारोलोतही जुनी वाट मोठ्या पिपांची. 'बोत्ते' म्हणतात, दोन हजार लिटरपासून पाच हजार किंवा त्याहून मोठी. लाकूड बहुधा क्रोएशियातल्या स्लाव्होनियाचं किंवा फ्रान्सचं. वाल्तेल्लिनात पूर्वी गावच्या जंगलातलं चेस्टनटही वापरायचे आणि काही घरं अजून वापरतात. पीप मोठं झालं की लिटरमागे लाकडाचा स्पर्श कमी होतो. तीन हजार लिटरच्या पिपात तो 225 लिटरवाल्याच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय पट्ट्या जाड, त्यामुळे हवाही सावकाश जाते. अशी पिपं वीस-तीस वर्षं वापरतात, वास देण्याची त्यांची उमेद कधीच संपलेली असते. दुकानदार 'ओकमध्ये मुरवलेली' म्हणाला ते खरंच होतं. तुम्ही अपेक्षा पहिल्या प्रकारची केलीत आणि मिळाला दुसरा.

तळघरातलं काम मात्र दोन्हीकडे सारखंच कटकटीचं. पिपातून वाईन थोडी उडून जाते, वर रिकामी जागा होते आणि त्या जागेतल्या हवेवर सिरक्याचे जिवाणू पोसतात. म्हणून ठरावीक दिवसांनी बूच काढायचं, काचेच्या नळीने थोडी वाईन उचलून वास घ्यायचा, आणि त्याच वाईनने पीप काठोकाठ भरून पुन्हा ठोकून बसवायचं. नाशिकच्या उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की आमची पिपं भराभर पितात. वाल्तेल्लिनात तळघरं डोंगरात खोदलेली, ओलसर आणि थंड, तिथे घट कमी होते. एखाद्या पिपाला नाक लावताच नेलपॉलिशसारखा झणका आला तर तो धोक्याचा इशारा. ते पीप बाकीच्यांपासून लगेच वेगळं काढायचं, एकत्र ओतून झाकायचा मोह होतो तो आवरायचा.

कायदा काय सांगतो तेही थोडक्यात. वाल्तेल्लिना सुपेरिओरेला 1998 मध्ये इटलीचा सर्वोच्च दर्जा मिळाला. बाजारात येण्याआधी ती किमान 24 महिने मुरवावी लागते आणि त्यातले 12 लाकडात. 'रिझेर्वा' लिहायचं तर 36 महिने. लाकूड नवं की जुनं, लहान की मोठं, याबद्दल कायदा काही म्हणत नाही, ते घराघराचं ठरलेलं असतं. सुपेरिओरेचे पश्चिमेकडून पूर्वेकडे पाच उपविभाग आहेत: मारोज्जा, सास्सेल्ला, ग्रुमेल्लो, इन्फेर्नो आणि वालजेल्ला. सास्सेल्लाची वाईन ताठ आणि खडकाळ, ग्रुमेल्लोची त्यामानाने मऊ, वालजेल्लाची हलकी आणि सुवासिक असं ढोबळमानाने म्हणतात. मला सगळ्यात विश्वासाचं वाटतं ते सास्सेल्ला. इन्फेर्नो गरम वर्षात जरा जड होते.

याच खोऱ्यात दुसरी टोकाची वाईनही होते, स्फोर्त्सातो किंवा स्थानिक बोलीत स्फुर्सात. तोडलेले घड माळ्यावर, हवेशीर खोल्यांत फळ्यांवर किंवा उथळ क्रेटमध्ये पसरून डिसेंबरपर्यंत सुकवतात. वजन एक तृतीयांशाच्या आसपास घटतं, मग चिरडून आंबवतात. अल्कोहोल किमान 14 टक्के, 2003 पासून हिलाही तोच सर्वोच्च दर्जा. ही दाट, उबदार, मनुकांच्या चवीची. तुम्हाला नाशिकची शिराझ आवडत असेल तर पुढच्या वेळी तिरानोच्या दुकानात हीच मागा. क्यूरो गावातल्या नीनो नेग्री या 1897 पासूनच्या जुन्या नावाची 'चिंक्वे स्तेल्ले' नावाची स्फुर्सात नव्या फ्रेंच बारिकमध्ये मुरवतात. तिथे तुम्हाला ओकचा तो ओळखीचा वास नक्की भेटेल. वाईन दणकट असली की नवं लाकूड ती पेलते, माझा त्याला विरोध नाही.

उलट टोकाचं घर बघायचं तर आर्पेपे. पेलित्सात्ती घराण्याचा वाईनचा धंदा 1860 पासूनचा. मधल्या काळात तो घराबाहेर गेला, आणि 1984 मध्ये आर्तुरो पेलित्सात्ती पेरेगो यांनी स्वतःच्या नावाची आद्याक्षरं घेऊन नव्याने सुरुवात केली. आता पुढची पिढी चालवते. मोठी पिपं, लांब मुरणं, आणि रिझेर्वा फक्त मनासारख्या वर्षीच काढायची. त्यांची 'रोच्चे रोस्से' नावाची सास्सेल्ला वर्षानुवर्षं थांबूनच बाजारात येते. ज्या काळात सगळी इटली छोट्या नव्या पिपांच्या मागे धावत होती, त्या काळात हे घर जागचं हललं नाही. ते धाडस होतं की हट्ट, यावर वाद घालता येईल, पण वाईन उत्तम आहे.

दुकानातली 'कुटुंबाची बाग' खरी की रचलेली, हे बाटलीवरून बऱ्यापैकी कळतं. इटालियनमध्ये 'इम्बोत्तिल्यातो आल्लोरीजिने' असं लिहिलेलं असेल तर वाईन उत्पादकाच्या स्वतःच्या ठिकाणी भरलेली असते. काही बाटल्यांवर डोक्यावर टोपली घेतलेल्या शेतकऱ्याचं चिन्ह असतं. ते स्वतंत्र द्राक्ष उत्पादकांच्या 2008 मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचं. द्राक्ष स्वतः पिकवायचं, वाईन स्वतः करायची, बाटलीत स्वतः भरायची, असा त्यांचा नियम. चिन्ह नसलं म्हणून घर खोटं ठरत नाही, पण असलं तर निश्चिंत व्हावं. बुचाच्या वरून गळ्यावर आलेली क्रमांकाची सरकारी पट्टी मात्र या दर्जाच्या प्रत्येक बाटलीवर असलीच पाहिजे. तुमच्या दुसऱ्या बाटलीवर ती आत्ता बघून घ्या.

आता खराब वाईन ओळखायची कशी, कारण प्रवास आणि पुण्याचा उन्हाळा दोन्ही मध्ये आहेत. ओल्या पुठ्ठ्यासारखा, कोंदट माळ्यासारखा वास आला आणि फळ अजिबात जाणवलं नाही तर बूच बाधलेलं. ती बाटली गेली, काही उपाय नाही. नाकात झोंबणारा सिरक्याचा किंवा नेलपॉलिशचा वास असेल तर जिवाणूंचं काम. रंग पूर्ण तपकिरी आणि वास शिळ्या सफरचंदासारखा असेल तर हवा लागली. बूच वर सरकलंय किंवा बाजूने वाईन झिरपल्याचा डाग आहे, तर बाटलीला उष्णता लागलीय. तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही. आंबट म्हणजे लिंबासारखी स्वच्छ आंबट असेल तर ते द्राक्षाचं आम्ल, सिरक्याचं नाही. हा फरक नाकाला कळतो, जिभेला कळेलच असं नाही. तळाशी गाळ दिसला तर घाबरू नका, मगाशी सांगितलेले टॅनिन आणि रंगाचे मोठे कण जड होऊन बसतात, तेच ते.

मग पहिली बाटली इतकी का रुसली? खरा गुन्हेगार तांबडा रस्सा. तिखटाने जीभ पेटलेली असताना अल्कोहोल आणखी जाळतं आणि टॅनिन आणखी कोरडं लागतं. लाळेतली प्रथिनं टॅनिन पकडतं, म्हणून तोंड सुकतं. ताटात चरबी आणि प्रथिनं असली की टॅनिन त्यांना जाऊन चिकटतं आणि जीभ सुटते. वाल्तेल्लिनाचे लोक ही वाईन 'पित्सोक्केरी'बरोबर पितात. कुट्टूच्या पिठाच्या रुंद पट्ट्या, कोबी, बटाटा, भरपूर लोणी आणि कासेरा चीज, वरून लसूण-लोण्याची फोडणी. इतक्या स्निग्ध जेवणासमोर ती आंबट-तुरट वाईनच हवी, गोडसर वाईन दोन घासांत नकोशी होईल. शिवाय 'ब्रेझाओला', म्हणजे मीठ लावून सुकवलेलं गोमांस, आणि बित्तो नावाचं डोंगरी चीज.

आपल्या ताटात तांबडा बाजूला ठेवा आणि पांढरा रस्सा घ्या. नारळाचं दूध, काजू-खसखस, मटणाचं सत्त्व, आणि मिरची बेताची. या वाईनला याहून चांगला मराठी जोडीदार मला अजून सापडलेला नाही. शाकाहारी असाल तर शेंगदाणा-तिळाचं भरलं वांगं, गोडा मसाला घालून आणि तिखट हात आखडून. तव्यावर लोण्यात परतलेले मशरूमही चालतात. गोड मात्र वाईन संपल्यावरच. श्रीखंड किंवा गुलाबजाम खाऊन ही वाईन प्यायलात तर ती लिंबाच्या रसासारखी लागेल.

वाईन कोणत्या तापमानाला दिली हेही विचारायला हवं. 'लाल वाईन रूम टेंपरेचरला प्यायची' हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे, पुण्याच्या दिवाणखान्याचा नाही. 16 ते 18 अंश हवेत. 28-30 अंशांना अल्कोहोल नाकात चढतं, फळ मरतं. उलट थेट फ्रीजमधून काढून ओतली तर टॅनिन आणखी कडक लागतं. दुसरी बाटली आदल्या दिवशी फ्रीजमध्ये उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसेल. प्यायच्या दीड-दोन तास आधी बाहेर काढा आणि बूच काढा. नुसतं बूच काढून फारशी हवा लागत नाही, बाटलीचा गळा अरुंद असतो. म्हणून हलक्या हाताने काचेच्या जगमध्ये ओता आणि शेवटचा बोटभर गाळाचा भाग बाटलीतच सोडा. पेला मोठ्या पोटाचा घ्या आणि एक तृतीयांशच भरा. पहिला घोट बंद वाटला तर पेला तसाच ठेवून जेवणाला लागा. अर्ध्या तासाने तोच पेला वेगळा लागतो.

घाई नसेल तर ती बाटली ठेवताही येईल. 2016 हे उत्तर इटलीत नेब्बियोलोचं उत्तम वर्ष मानतात, आणि चांगल्या घराची रिझेर्वा तोडणीपासून पंधरा वर्षं सहज टिकते. पण टिकते ती 12-15 अंशांत, अंधारात, आडवी. पुण्यातल्या कपाटात दोन उन्हाळे काढून टिकत नाही. वाईनचा फ्रीज नसेल तर घरच्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, भाज्यांच्या ड्रॉवरमध्ये काही महिने चालेल. नाही तर येत्या थंडीतच उघडा. फ्रीजच्या माथ्यावर किंवा ओट्याजवळ मात्र ठेवू नका. मराठी घरातल्या निम्म्या चांगल्या बाटल्या तिथेच वाया जातात.

एक शेवटचं, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगतो. उरलेली वाईन फेकू नका. बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी एक पेला काढून बाहेर थोडी कोमट होऊ द्या. नेब्बियोलो बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागते, कारण रात्रभर थोडी हवा तिला मिळालेली असते. तिसऱ्या दिवसानंतर मात्र मटणाच्या रश्श्यात घाला, शिजवताना सुरुवातीलाच, म्हणजे आंबटपणा रश्श्यात मिसळून जाईल.